घर भरलेले होते

डिसेंबर उजाडला की आपल्या धर्मग्रामांतून एक ओळखीची लगबग सुरू होते. घरांना रंगाचा हात दिला जातो. शिंप्याकडे कापड जाते आणि तो दिलेला वायदा नेहमीप्रमाणे चुकवतो. कॅरल गाणाऱ्या तरुणांच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, पेंढा आणि माती यांचे ढीग अंगणात दिसू लागतात. वसईच्या वाड्यांतून हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. अलीकडे त्यात विजेच्या माळा, दुकानांवरील सवलतींचे फलक आणि तळहातावर अखंड चमकणारा मोबाइल यांची भर पडली, इतकेच. या लगबगीविषयी नाक मुरडण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. ज्या घरात सणाची धावपळ नाही, त्या घरात बहुधा काहीतरी दुखणे असते.

तथापि नेमक्या याच दिवसांत ख्रिस्तसभा आपल्याला काही वेगळेच सांगत असते. 30 नोव्हेंबरच्या आसपासच्या रविवारी आगमनकाळाला प्रारंभ होतो. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रे येतात, रविवारच्या मिस्सातील महिमागान थांबते आणि चार रविवार आपल्याला केवळ वाट पाहावयास सांगितले जाते. वाट पाहणे हे मोठे अवघड काम आहे, कारण त्यात करण्यासारखे काहीच नसते. 2023 साली तर चौथा रविवार 24 डिसेंबरलाच आला. आगमनकाळाचा चौथा आठवडा जेमतेम एका दिवसाचा झाला. सकाळी चौथी मेणबत्ती पेटवावयाची आणि रात्री गव्हाणीत बाळ ठेवावयाचे! पुष्कळांच्या ते ध्यानातही आले नसेल. खरे सांगावयाचे तर आपल्यापैकी बरेचजण दरवर्षीच आगमनकाळ असा एका दिवसात उरकीत असतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो वेळापत्रकाचा नसून नीतीचा आहे असे आम्हांस वाटते. सणाची ही सारी यातायात प्रेमापोटी चाललेली असते. मुलांसाठी कपडे, पाहुण्यांसाठी फराळ, देवासाठी गोठा. असे असताना ज्यांच्यासाठी धावावयाचे तीच माणसे या धावण्यात मागे का पडतात? ज्याने कोणालाही दारातून हाकलले नाही, कोणाला वाईट शब्द बोलला नाही, ज्याच्याकडे केवळ जागा नव्हती, सवड नव्हती, तो दोषी आहे काय?

या प्रश्नाचे मूळ नाताळच्या कथेतच आहे. आपल्या पाळकांच्या शाळांतून व सभागृहांतून नाताळचे जे नाटुकले होते, त्यात उतारशाळेच्या मालकाचे एक पात्र हमखास असते. आवाज मोठा असलेल्या एखाद्या मुलाला ते मिळते. तो दार उघडतो, थकलेल्या योसेफाला व गरोदर मरियेला पाहतो, ‘जागा नाही’ असे ओरडतो आणि दार धाडकन लावून घेतो. प्रेक्षकांतील आया त्याच्यावर रागावतात आणि त्या मुलाची आई तेवढी हसते. परंतु संत लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय सावकाश वाचून पाहावा. त्यात हा मालक कोठेही नाही. कोणी दार लावले नाही, कोणी नकार दिला नाही. त्या दोघांना जागा नव्हती, एवढेच लूक सांगतो. शिवाय ती दोघे तेथे असताना मरियेचे दिवस भरले, असे त्याचे कथन आहे. ती दोघे त्याच रात्री धापा टाकीत पोहोचली होती, असे त्याने म्हटलेले नाही.

मराठी अनुवादातून आपल्या कानी रुळलेला ‘उतारशाळा’ हा शब्दही तपासून पाहण्याजोगा आहे. मूळ ग्रीकमध्ये लूकने येथे ‘कतालुमा’ हा शब्द योजला आहे. हाच शब्द तो पुढे बाविसाव्या अध्यायात पुन्हा वापरतो, तेव्हा त्याचा अर्थ प्रभूने शिष्यांसमवेत शेवटचे भोजन घेतले ती घरातली पाहुण्यांची खोली असा होतो. उलट दयाळू शोमरोनी जखमी माणसाला घेऊन जातो ती पैसे देऊन उतरण्याची जागा असते. तिच्यासाठी लूकने ‘पांदोखेयोन’ हा निराळाच शब्द वापरला आहे. म्हणून अनेक बायबल अभ्यासकांचे मत असे की, बेथलेहेमात भरलेली होती ती धर्मशाळा नव्हे, तर कोणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली. योसेफ दाविदाच्या वंशातला, बेथलेहेम हे त्याच्या पूर्वजांचे गाव. नावनोंदणीसाठी आलेल्या आप्तेष्टांनी एखाद्या नातलगाचे घर ओसंडून वाहत असेल, ही कल्पना आपल्यासारख्या लग्नघर पाहिलेल्या माणसांना मुळीच अवघड नाही. त्या काळी पॅलेस्टाइनमधील साध्या घरात माणसांचा वावर उंचवट्यावर असे आणि रात्री गुरे आत घेण्याची जागा त्याच छपराखाली खालच्या अंगाला असे. गव्हाणी तेथेच असत. जन्मस्थान म्हणून गुहेची जी प्राचीन परंपरा आहे, तिलाही याने बाध येत नाही, कारण त्या डोंगराळ मुलखात गुहांना लागून घरे बांधली जात.

हा अर्थ मान्य केला तर कथेतला खलपुरुष नाहीसा होतो, आणि आपली मोठी अडचण होते. जोवर तो दुष्ट मालक होता, तोवर आपण प्रेक्षकांत बसून त्याच्यावर रागावू शकत होतो. आता उरले ते एक भरलेले घर. त्यातली माणसे वाईट नव्हती. चुलीवर भांडी होती, अंथरुणे पसरलेली होती, कोणाचे मूल रडत असेल, कोणी दूरच्या प्रवासाच्या गोष्टी सांगत असेल. त्या गर्दीत एक अवघडलेली स्त्री उभी होती, आणि तिच्यासाठी प्रशस्त जागा शिल्लक नव्हती. हे घर आपल्या ओळखीचे आहे.

न केलेल्या गोष्टीचा दोष माणसावर येतो काय? आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी लॅटिन मिस्साच्या आरंभी पापांची जी कबुली म्हटली जाई, तीत विचार, शब्द आणि कृती या तिहींचा उच्चार होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पोप सहावे पॉल यांनी 1970 साली जो नवा मिस्साग्रंथ दिला, त्यात एका चौथ्या गोष्टीची भर पडली: जे करावयाचे राहून गेले त्याची. दर रविवारी आपण ते शब्द उच्चारून छातीवर हात ठेवतो. ही भर आकाशातून पडलेली नव्हती. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या वेळी डाव्या बाजूच्या लोकांवर चोरीचा वा खुनाचा आरोप नाही. त्यांनी भुकेल्याला जेवू घातले नाही, आजाऱ्याला भेटले नाहीत, हाच त्यांचा दोष. लूकच्या सोळाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस दारातल्या लाजरला मारीत नाही की हुसकावीत नाही. तो रोज मेजवान्या करतो. मेजवान्यांच्या गडबडीत दाराकडे पाहावयाचे राहून जाते.

पाहावयाचे राहून जाणे! सारे दुखणे बहुधा येथेच आहे. सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत स्त्रीने (1909–1943) या विषयावर फार खोल चिंतन केले. ती ज्यू कुटुंबात जन्मली, ख्रिस्ताकडे ओढली गेली आणि अनेक वर्षे ख्रिस्तसभेच्या उंबरठ्यावर थांबून राहिली. दुसऱ्याकडे संपूर्ण लक्ष देणे हे औदार्याचे अत्यंत दुर्मीळ व निर्मळ रूप आहे, असा तिच्या विचाराचा आशय आहे. शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे त्याला काय होत आहे हे विचारता येणे, असे ती मानीत असे. पैशाचे औदार्य नाताळात आपल्याकडे उदंड दिसते. पाकिटे जातात, केक जातात, साड्या जातात, अनाथालयात धान्य जाते. लक्ष मात्र यादीत लिहिता येत नाही, म्हणून ते मागे राहते. मोबाइलवरून एकच शुभेच्छापत्र दोनशे जणांना एका क्षणात पोहोचते, आणि त्या दोनशेपैकी कोणा एकाला आपण डोळ्यांसमोर आणलेले असतेच असे नाही.

यावर कोणी म्हणेल की काम हेही प्रेमच आहे. म्हणणे खरे आहे. आणि आमच्या धर्मभगिनींना मार्थेची गोष्ट ऐकवून गप्प बसविण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस फारशी रुचत नाही. प्रभूने मार्थेच्या स्वयंपाकाला नावे ठेवली नाहीत. लूकने तिच्याविषयी जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ चहूकडून ओढली गेलेली असा आहे. दोष हाताला काम असण्यात नव्हता. मन दहा दिशांना ताणले जाण्यात होता. आणि हीच मार्था पुढे योहानच्या अकराव्या अध्यायात, भाऊ मरण पावला असताना, येशू हाच ख्रिस्त असल्याची कबुली देते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. पोप सहावे पॉल 5 जानेवारी 1964 रोजी नाझरेथला गेले, तेव्हा पवित्र कुटुंबाच्या त्या घराकडून शिकण्यासारख्या ज्या गोष्टी त्यांनी सांगितल्या, त्यांत शांतता होती, कौटुंबिक जीवन होते आणि काम, श्रमही होते. सुताराच्या घरात श्रम आणि शांतता एकत्र नांदत होती. (त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आगमनकाळातच, हे पोप आंतरराष्ट्रीय युखॅरिस्टिक काँग्रेसनिमित्त मुंबईत आले. त्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसून त्यांना पाहिलेली मुले आज आजी-आजोबा झाली आहेत.)

करंज्या आणि कुलकुल करण्याचेच उदाहरण घ्यावे. पूर्वी शेजारपाजारच्या बायका पाळीपाळीने एकमेकींच्या घरी जमत. कणीक मळणारी एक, काट्यावर वा फणीवर कुलकुल वळणाऱ्या चौघी, तळणारी एक. हात चालत आणि तोंडही चालत. कोणाच्या मुलीचे कोठे जमते आहे, कोणाचा नवरा पुन्हा पिऊ लागला आहे, कोणाला डॉक्टरने काय सांगितले आहे, हे सारे त्या परातीभोवती उलगडे. तेथे कामच भेट होती. आता खोके विकत येते. वेळ वाचतो हे निर्विवाद. मात्र वाचलेला वेळ कोठे गेला, हे कोणास सांगता येत नाही. अर्थात पूर्वीचे सारे सोन्याचे होते असे म्हणणाऱ्यांनी, त्या काळी मध्यरात्रीपर्यंत चुलीच्या धुरात कोण बसत होते आणि ओटीवर पत्ते कोण कुटीत होते, हेही एकदा आठवावे. नोकरी करून, सकाळची लोकल धरून घरी परतणाऱ्या सुनेने खोके विकत आणले तर आम्ही तिला दोष देणार नाही. परात गेली याचे दुःख नाही. परातीभोवती जे बोलणे होई, त्याला घरात दुसरी जागा मिळाली नाही, याचे आहे.

आणि केवळ मोकळा वेळ मिळाला म्हणजे नाती फुलतात, असेही नव्हे. 2020 सालचा नाताळ आठवावा. 22 डिसेंबरपासून राज्यातील महानगरपालिकांच्या हद्दीत रात्री 11 ते सकाळी 6 अशी संचारबंदी लागू झाली. वसई-विरारही तीत आले. मध्यरात्रीची मिस्सा मध्यरात्री होऊ शकली नाही. पाहुणे नव्हते, जत्था घेऊन येणारे कॅरल गायक नव्हते. त्या वर्षी सर्वांपाशी वेळच वेळ होता. काही घरांत त्या शांततेत प्रथमच सगळ्यांनी मिळून जपमाळ म्हटली. काही घरांत चौघे चार कोपऱ्यांत चार पडद्यांसमोर बसले. एकाच छपराखाली दोन्ही घडले. पुढल्या वर्षी भेटूच, असे आपण तेव्हा पुष्कळांना सांगितले होते. त्यांपैकी काहीजण पुढला नाताळ पाहावयास राहिले नाहीत. उरलेल्यांकडे आपण गेलो का, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता जे लिहावयाचे आहे, ते काही वाचकांस बोचेल. व्याप हा नेहमी आपल्यावर कोसळतोच असे नाही. कधी कधी आपण तो मुद्दाम ओढवून घेतो, कारण त्याच्या आडोशाला लपता येते. वसईत जमिनीचे भाव चढले, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि सातबाऱ्यावरच्या नावांनी जितकी भावंडे तोडली तितकी दुसऱ्या कशाने क्वचितच तोडली असतील. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तेव्हा ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. तरीही बहिणीने हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही करावी, अशी अपेक्षा किती घरांत असते! जिने सही केली, ती मनात काही ठेवून करते. जिने केली नाही, तिचे माहेर तुटते. मग नाताळात तिच्या घरी केक पाठविला जातो. शेजारच्या मुलाच्या हाती, कारण आपल्याला ‘मरायला सवड नाही’. दोन भाऊ एका अंगणात राहतात, दोघांच्या दारांत तारे लागतात, दोघेही मध्यरात्रीच्या मिस्साला जातात. शांतीचिन्हाच्या वेळी दोघेही आपापल्या बाकावरच्या अनोळखी माणसाला हसून हात जोडतात.

डोंगरावरील प्रवचनात, मत्तयच्या पाचव्या अध्यायात, प्रभू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. येथील एक बारकावा नजरेतून निसटतो. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असे तो म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असे म्हणतो. आपण मनाने स्वच्छ आहोत, आपला कोणावर राग नाही, एवढ्याने भागत नाही. ज्याला लागले आहे त्याच्याकडे उठून जावयाचे आहे, आणि तेही अर्पण अर्धवट सोडून. ही मागणी फार मोठी आहे. ती सहज पुरी होईल असे आम्ही म्हणत नाही. काही जखमा एका नाताळात भरत नाहीत. काही ठिकाणी गेल्यावर दार उघडले जात नाही. आणि जेथे वाटा देणे बाकी आहे, तेथे नुसत्या गोड बोलण्याने समेट होतही नाही. पण सवड नव्हती, हे कारण मात्र त्या वेदीपुढे टिकत नाही.

बेथलेहेमच्या त्या घराकडे पुन्हा वळू. त्या घराची एक गोष्ट आपण अजून ध्यानात घेतलेली नाही. ते भरलेले होते, तरीही तेथे मूल जन्मले. वरची खोली नव्हती. खालच्या अंगाची, गुरांची जागा होती, आणि ती मिळाली. कोणीतरी गव्हाणीतला चारा सारखा केला असेल, कोणी पाणी आणले असेल, कोणी पुरुषांना बाहेर काढले असेल. लूकने त्यांची नावे दिलेली नाहीत. त्यांनी पाहुण्यांना हाकलले नाही, घर मोठे केले नाही, स्वयंपाक थांबविला नाही. जे होते त्यातच एक कोपरा मोकळा केला. तो उत्तम कोपरा नव्हता. देवाने तो चालवून घेतला.

असिसीच्या संत फ्रान्सिसला हे फार नेमके उमगले होते. 1223 च्या नाताळात ग्रेच्चो या डोंगराळ गावी त्याने गव्हाण मांडली, तेव्हा तेथे एकही मूर्ती नव्हती. गवत होते, जिवंत बैल व गाढव होते, मशाली घेऊन आलेली गावची माणसे होती, आणि गव्हाणीवर मिस्सा झाली. त्या बालकाने जन्मतःच किती गैरसोय सोसली, हे त्याला डोळ्यांनी पाहावयाचे होते. पोप फ्रान्सिस यांनी 1 डिसेंबर 2019 रोजी ग्रेच्चोला जाऊन गोठ्याच्या अर्थाविषयी एक पत्र प्रसृत केले, तेही याच परंपरेची आठवण देण्यासाठी. आपल्याकडचे गोठे आता मोठे देखणे होतात. कारंजी उडतात, पवनचक्क्या फिरतात, परीक्षक गुण देतात. पोरे रात्ररात्र जागून एकत्र काम करतात, त्यांत जन्माच्या मैत्री जुळतात. त्याला आम्ही उणे म्हणणार नाही. पण गोठ्याला जागा हवी म्हणून ओटीवरची आजीची खाट आतल्या अंधाऱ्या खोलीत हलविली गेली, अशी घरेही आम्ही पाहिली आहेत. आजीला वर्षभर त्या खाटेवरून रस्ता दिसत असे, येणारे-जाणारे दिसत. नेमक्या नाताळात, जेव्हा सारे येतात-जातात, तेव्हा तिला भिंत दिसते. गोठ्याला बक्षीसही मिळते.

ख्रिस्तसभेचा नाताळ 25 डिसेंबरच्या रात्री संपत नाही, तेव्हा सुरू होतो, हे आपण पार विसरून गेलो आहोत. 26 ला पहिला हुतात्मा संत स्टीफन, 28 ला निरपराध बालके, त्याच अष्टाहातील रविवारी पवित्र कुटुंबाचा सण, पुढे ज्ञानी लोकांचे आगमन आणि प्रभूच्या बाप्तिस्म्यापर्यंतचे दिवस. आपल्या याद्या 25 ला संपतात. म्हणजे ऐन नाताळकाळात आपण मोकळे असतो! बहिणीकडे जावयाचे तर 24 ला कशाला जावे, तिच्याही घरी तेव्हा पीठ मळलेले असते. 27 च्या दुपारी जावे. केक शिळा झालेला असेल, पण बसावयास वेळ असेल. आखातात नोकरीला असलेल्या मुलाशी 25 ला सगळ्या गोतावळ्याने पडद्यापुढे गर्दी करून दोन मिनिटे ओरडून बोलण्यापेक्षा, तीन दिवसांनी आईने एकटीने त्याच्याशी अर्धा तास बोलावे. गेल्या वर्षभरात ज्या घरात कोणी वारले, तेथे तारा लागलेला नसतो. त्या दाराशी नाताळच्या दिवशी जाताना संकोच वाटतो, नंतर वाटत नाही. आजीची खाट तर त्याच दिवशी ओटीवर परत आणता येते.

26 तारखेच्या सकाळच्या मिस्साला एकदा जाऊन पाहावे. मध्यरात्रीच्या मिस्साला बाहेर मंडपातही उभे राहावयास जागा नव्हती. आता बाक रिकामे असतात. गव्हाणीजवळ गर्दी नसते, बालयेशूला हवे तितका वेळ पाहता येते. पुढच्या बाकांवर नेहमीची पाचदहा म्हातारी माणसे बसलेली असतात. त्यांच्या शेजारी बसावे. मिस्सा संपल्यावर त्यांना घरी जाण्याची घाई नसते.